विमान चालवायला शिकणं खरंच किती अवघड? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुटलं, १५ ऑक्टोबरला मुंबईचं सुरू झालं, आणि माझ्या फोनवर येणारे प्रश्न बदलले. पूर्वी लोक ‘आपल्याकडं विमान कधी येणार’ एवढंच विचारायचे. आता बारावीतल्या मुलांचे आईवडील, एमआयडीसीत नोकरी करणारे तरुण, पन्नाशीला टेकलेले डॉक्टर, सगळ्यांना एकच जाणून घ्यायचंय: चालवायला जमेल का? मी शनिवार-रविवारी पायलटच्या परीक्षांसाठी नेव्हिगेशन आणि हवामान शिकवतो, त्यामुळं हे प्रश्न सारखे येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. नियम डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे आहेत आणि ते अधूनमधून बदलतात. कुठंही पैसे भरण्याआधी चालू नियम त्यांच्या संकेतस्थळावर तपासा.

१. आडवळण नको, सरळ सांगा. अवघड आहे का सोपं?

हवेत गेलेलं विमान सरळ आणि समपातळीत ठेवणं सोपं आहे. बहुतेकांना ते पहिल्या-दुसऱ्या सॉर्टीतच, म्हणजे उड्डाणाच्या फेरीतच जमतं. प्रशिक्षणाची विमानं मुद्दाम स्थिर स्वभावाची बनवलेली असतात. ट्रिम (हातावरचा जोर काढणारं छोटं चाक) नीट लावला आणि हात सोडला तरी सेसना, म्हणजे शिकवायचं छोटं विमान, आपली आपण चालत राहते. शिकाऊ मुलगा घट्ट धरून बसतो तेव्हाच ती डुलते.

अवघड गोष्टी वेगळ्या आहेत. उतरणं (प्रश्न ६), एकाच वेळी उडवणं, बोलणं आणि पुढचा विचार करणं, पाच-सहा पेपर काढणं (प्रश्न ९), आणि दोन-अडीच वर्षं पैसा आणि धीर टिकवणं (प्रश्न १५ आणि १६). हात चालत नाही म्हणून सोडून दिलेली मुलं मी फार थोडी पाहिलीत. पेपर अडकले, पैसे संपले, वाट बघून कंटाळली, अशी बरीच पाहिली. त्यामुळं ‘माझ्या मुलात पायलट होण्याची कला आहे का’ या प्रश्नापेक्षा ‘हे सगळं दोन वर्षं पेलायची घरात तयारी आहे का’ हा प्रश्न आधी घ्या.

२. मी ट्रॅक्टर, ट्रक सगळं चालवतो. त्याचा उपयोग होतो का?

इंजिनाच्या आवाजातला फरक कानाला लगेच कळतो, तेवढा होतो. बाकी बऱ्याच सवयी मोडाव्या लागतात. जमिनीवर विमान पायानं वळतं. रडरच्या पेडलचा वरचा भाग दाबला की ब्रेक, पूर्ण पेडल ढकललं की दिशा. हातातला योक कितीही फिरवला तरी टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना विमान वळत नाही, आणि तरी पहिल्या दिवशी प्रत्येक जण तो स्टिअरिंगसारखा फिरवतोच. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, हातात असतो. उतरताना वेग नाकाच्या कोनावर सांभाळायचा आणि खाली येण्याचा दर थ्रॉटलवर, हे गाडीवाल्याला सुरुवातीला उलटं वाटतं. शिवाय हवेत बाजूला घेऊन थांबता येत नाही. विचार करायला वेळ हवा असेल तर तो आधीच काढून ठेवावा लागतो.

३. वय आणि शिक्षण किती लागतं?

स्टुडंट पायलट लायसन्स: १६ वर्षं पूर्ण, दहावी पास. खासगी लायसन्स म्हणजे पीपीएल: १७ वर्षं, दहावी, किमान ४० तास उड्डाण. व्यावसायिक म्हणजे सीपीएल: १८ वर्षं, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, किमान २०० तास. मोठ्या विमानाचा कॅप्टन व्हायला लागणारं एटीपीएल: २१ वर्षं आणि १,५०० तास.

बारावी कॉमर्स किंवा आर्ट्सनं झाली असेल तर भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून देऊन बरेच जण पुढं जातात. ही अट काढून टाकण्याची चर्चा २०२५ मध्ये झाली. चर्चेच्या भरवशावर फी भरू नका, अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियमच चालतो.

४. आता विमानतळ सुरू झालाय. मग सोलापुरातच शिकता येईल ना?

प्रवासी विमान सुरू होणं आणि उड्डाण प्रशिक्षण संस्था असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेला डीजीसीएची स्वतंत्र मान्यता, स्वतःची विमानं, इन्स्ट्रक्टर, देखभालीची सोय आणि हँगर लागतं. माझ्या ओळखीतली मुलं शिकायला बाहेरच गेली आहेत. जवळचं म्हणजे बारामती. दुसऱ्या बाजूला कलबुर्गी, तिथला विमानतळही प्रशिक्षणासाठी वापरला जातो. राज्यात गोंदिया, धुळे, जळगाव आहेत. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी उत्तर प्रदेशात फुरसतगंजला आहे, तिथं प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

याच प्रश्नाच्या पोटात हमखास चिमणीचा विषय निघतो. विमानांच्या वाटेत अडथळा ठरते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. ती पाडायला हवी होती का, या वादात मी इथं शिरत नाही. शिकणाऱ्यानं त्यातून एवढं समजून घ्यावं: विमान धावपट्टीकडं साधारण तीन अंशांच्या उतारानं येतं, म्हणजे एक सागरी मैल अंतरावर ते फक्त तीनशे फुटांवर असतं. त्या उताराखालची मोकळी जागा हा विमानतळाचाच भाग धरला जातो.

५. एकट्यानं उडवायला किती तासांनी देतात?

पहिला सोलो साधारण पंधरा ते पंचवीस तासांच्या दरम्यान होतो. कुणाचा आधी, कुणाचा नंतर. ठरावीक आकडा नसतो, इन्स्ट्रक्टरची खात्री पटली की तो उतरतो आणि ‘एक सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) मारून ये’ म्हणतो. शेजारची सीट रिकामी झाल्यावर वजन घटतं, विमान लवकर उचलतं आणि उतरताना थोडं जास्त तरंगतं, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. सोलो उशिरा झाला म्हणून पायलट कच्चा निघतो असं काही नाही. हॉस्टेलमध्ये मात्र यावरून फार चढाओढ चालते. तिकडं दुर्लक्ष करा.

६. सगळे म्हणतात लँडिंग अवघड. नेमकं काय अवघड असतं त्यात?

इथं जरा सविस्तर सांगतो, कारण शिकण्यातला सगळ्यात जास्त घाम इथंच गळतो.

सेसना १७२ साधारण ६५ नॉटनं, म्हणजे ताशी १२० किलोमीटरनं धावपट्टीकडं येते. शेवटच्या काही फुटांवर नाक हळूहळू वर घ्यायचं, खाली येणं जवळपास थांबवायचं, आणि विमानाचा वेग आपोआप मरू द्यायचा. मागची दोन चाकं आधी टेकली पाहिजेत. याला फ्लेअर म्हणतात. अडचण अशी की जमीन नेमकी किती खाली आहे हे सांगणारं कुठलंही यंत्र या विमानात नसतं. उंची दाखवणारा अल्टिमीटर त्या शेवटच्या दहा-पंधरा फुटांत कामाचा नाही. डोळ्यानंच ओळखायचं. नवखा मुलगा नाकासमोरची जमीन बघतो, ती अंगावर धावून आल्यासारखी वाटते, तो दचकून योक ओढतो आणि विमान वर फुगतं. नजर धावपट्टीच्या लांबच्या टोकाकडं गेली की उंची कळायला लागते. हे वाचून समजतं, पण जमायला पन्नास-शंभर लँडिंग लागतात.

त्यात आणखी एक गंमत आहे. पंखाच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत आलं की जमिनीमुळं पंखाचा अवरोध कमी होतो आणि विमान तरंगत राहतं. वेग पाच-दहा नॉट जास्त असेल तर धावपट्टीचा मोठा तुकडा तरंगण्यातच जातो. म्हणून चांगलं लँडिंग दोन मैल आधी, वेग आणि उंची जागेवर आणण्यात घडतं.

मग आडवा वारा. विमान वाऱ्याकडं तिरकं तोंड करून येतं, आणि टेकण्याआधी पायानं ते सरळ करावं लागतं. त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख किंचित खाली. हात एकीकडं, पाय दुसरीकडं. ज्यांचं बाकी सगळं उत्तम आहे अशी मुलंही इथं महिनाभर अडकतात.

लँडिंग बिघडतंय असं वाटलं तर थ्रॉटल पूर्ण पुढं करायचा आणि परत वर जायचं. याला गो अराउंड म्हणतात. त्यात कमीपणा वाटणारी मुलं मला जास्त काळजीची वाटतात. उसळलेलं विमान बळजबरीनं खाली दाबलं की पुढचं चाक मोडतं आणि प्रोपेलर जमिनीला लागतो.

७. इंजिन एकच असतं म्हणे. ते बंद पडलं तर विमान खाली पडतं का?

नाही. ते घसरत खाली येतं. सेसना १७२ एक फूट उतरताना साधारण नऊ फूट पुढं जाते. म्हणजे जमिनीपासून तीन हजार फुटांवर इंजिन गेलं तर वारा नसताना आठेक किलोमीटरचा टापू आणि चारेक मिनिटं हातात असतात. पंख तेव्हाही काम करत असतात. वेग खूप कमी होऊ दिला तरच ते काम सोडतात, त्याला स्टॉल म्हणतात, आणि त्यातून बाहेर यायचा सराव पहिल्या काही तासांतच करून घेतात. नाक खाली घ्या, वेग येतो, पंख पुन्हा चालू.

प्रशिक्षणात इन्स्ट्रक्टर बोलता बोलता थ्रॉटल मागं ओढतो आणि विचारतो, ‘इंजिन गेलं, कुठं उतरशील?’ आपल्या भागातल्या मुलांना इथं फायदा होतो, कारण त्यांना शेत वाचता येतं. वरून हिरवंगार, सपाट दिसणारं रान बहुतेक वेळा ऊस असतो, आणि माणसाच्या डोक्यावर गेलेल्या उसात विमान घालणं वाईट. रब्बीची ज्वारी काढून झाल्यावरचं मोकळं रान चांगलं, पण कोरड्या काळ्या मातीत मे महिन्यात हातभर भेगा असतात. पावसाळ्यात त्याच रानात चाक रुतून विमान नाकावर जातं. नांगरलेलं असेल तर सरींच्या दिशेनं उतरायचं, आडवं नाही. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून खांब शोधायचे. डाळिंबाच्या बागा दिसायला विरळ, पण तारेच्या कुंपणानं वेढलेल्या.

आणि शेत निवडलं की ते बदलायचं नाही. शेवटच्या पाचशे फुटांवर ‘ते पलीकडचं बरं होतं’ असं म्हणून वळणारे लोक अपघाताच्या अहवालात सापडतात.

८. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. रेडिओवर इंग्रजी बोलता येईल का?

येईल. रेडिओवरची भाषा ठरलेली असते. काही डझन वाक्यप्रकार आहेत आणि ते ठरलेल्या क्रमानं बोलायचे: कुणाला, कोण, कुठं आहे, काय हवंय. नऊला ‘नायनर’, तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’. टॉवरनं दिलेली महत्त्वाची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची, त्याला रीडबॅक म्हणतात. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’. अंदाजानं हो म्हणायचं नाही.

हे एवढं कडक का, याची दोन उदाहरणं मी पहिल्याच वर्गात देतो. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफला धावपट्टीवर दोन जम्बो एकमेकांवर आदळले, ५८३ माणसं गेली. त्यात रेडिओवरच्या संदिग्ध बोलण्याचा मोठा वाटा होता. त्यानंतर ‘टेक ऑफ’ हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं. आपल्या देशात १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, ३४९ जण गेले. एका विमानाला दिलेल्या उंचीच्या सूचनेचा कॉकपिटमध्ये गोंधळ झाला होता. पुढं आंतरराष्ट्रीय पातळीवर पायलटांसाठी इंग्रजीची किमान पातळी ठरली, ती चौथी. ती गाठायला कॉन्व्हेंट लागत नाही.

आमच्याकडं घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि हिंदी बोलणारी पोरं असतात. त्यांचा कान आधीच तयार असतो. खरा त्रास होतो तो लाजण्याचा. रोज अर्धा तास मोठ्यानं बोलून सराव केला, तर दोन महिन्यांत जीभ वळते.

रेडिओची स्वतंत्र परीक्षा असते, आरटीआर. ती आधी दूरसंचार विभागाकडं होती. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि ती डीजीसीएच्या कक्षेत आली. जुन्या व्हिडिओंमधली माहिती त्यामुळं तपासून घ्या.

९. पेपर किती आणि कसे असतात?

सीपीएलसाठी एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. सगळे पर्यायी उत्तरांचे, संगणकावर, आणि प्रत्येकात ७० टक्के हवेत. इथं ३५ टक्क्यांवर सुटायची सवय कामाची नाही. सगळ्यात जास्त अडकतात नेव्हिगेशनमध्ये आणि रेग्युलेशन्समध्ये. पहिल्यात सराव कमी पडतो, दुसऱ्यात पाठांतर.

माझा आग्रह असा: उड्डाण सुरू करण्याआधी किमान तीन पेपर काढून जा. तिथं गेल्यावर दिवसभर उन्हात विमानाची वाट बघून आलेला मुलगा रात्री पुस्तक उघडत नाही.

१०. गणित कच्चं आहे. मग विसरू का?

कॅल्क्युलस लागत नाही. गुणाकार, भागाकार, प्रमाण आणि कोन पक्के हवेत, तेही डोक्यात आणि भरभर. उदाहरणार्थ, साठ मैल गेल्यावर एक मैल बाजूला सरकलात तर एक अंश चुकलात. तीस मैलांवर दोन मैल सरकलात तर चार अंश. हे विमान उडवत, टॉवरशी बोलत काढता आलं पाहिजे. बारावीला पस्तीस मार्क पडलेल्या आणि बाजारात हिशोबाला पक्क्या असलेल्या मुलांना हे चांगलं जमतं.

११. चष्मा आहे. रंग ओळखण्यात थोडा घोळ आहे. चालेल का?

चष्म्यानं नजर ठरलेल्या पातळीवर येत असेल तर चष्मा अडचण ठरत नाही. रंगदृष्टीचं मात्र तसं नाही. लाल-हिरव्याचा दोष असेल तर व्यावसायिक लायसन्सच्या वैद्यकीय तपासणीत, म्हणजे क्लास वनमध्ये, बहुतेक तिथंच थांबावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं रंगदृष्टी तपासणारा इशिहारा तक्ता, मग क्लास टू (आधीची, कमी कडक तपासणी), मग क्लास वन, आणि त्यानंतर फी. उलट्या क्रमानं गेलेली घरं मी पाहिली आहेत. जमीन विकून झालेली असते आणि मग तक्त्यातला आकडा दिसत नाही.

रक्तदाब, दमा, जुनी शस्त्रक्रिया, लेसर करून काढलेला चष्मा, यांचं उत्तर माणसागणिक वेगळं असतं. कागदपत्रं घेऊन डीजीसीएच्या यादीतल्या वैद्यकीय परीक्षकाला विचारा. लपवू मात्र नका, ते पुढं कधीतरी निघतंच.

१२. एसटीत घाटात उलटी होते. उंचीची भीतीही वाटते.

दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी. मळमळ पहिल्या काही सॉर्टींत बऱ्याच जणांना होते आणि बहुतेकांची कमी होत जाते. नजर बाहेर क्षितिजावर ठेवा, पोट रिकामं किंवा तुडुंब ठेवू नका, आणि पहाटेच्या सॉर्टी मागून घ्या (का, ते प्रश्न १३ मध्ये). गोळी घेऊन उडायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांनी झोप येते.

गच्चीच्या कठड्यावर वाटणारी भीती विमानात बहुतेकांना वाटत नाही, कारण आपल्यापासून खाली जमिनीपर्यंत गेलेली भिंत डोळ्यांना दिसत नाही.

१३. आपल्याकडचा उन्हाळा, पाऊस याचा शिकण्यावर परिणाम होतो का?

भरपूर. सोलापूर समुद्रसपाटीपासून दीडेक हजार फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमान पाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन छोटं विमान दुपारी नेण्याआधी तक्ता उघडून हिशोब करावाच लागतो. शिवाय दहा-अकरानंतर तापलेल्या काळ्या रानावरून गरम हवेचे झोत उठतात आणि विमान आदळत राहतं. म्हणून प्रशिक्षणाचा खरा दिवस उजाडताना सुरू होतो.

पावसाळ्यात उलटी अडचण. नजरेच्या भरवशावर उडायला साधारण पाच किलोमीटर दृश्यता लागते, आणि ढगांची उंचीही. जुलैत सलग आठवडा जमिनीवर बसावं लागणं नेहमीचं आहे. बाकी ढगांच्या अभ्यासाला आपला भाग उत्तम: पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात विमानातून ढगांत बीजरोपण करण्याचा, म्हणजे कण सोडून पाऊस वाढवण्याचा प्रयोग सोलापूर परिसरातच केला, कारण हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे.

१४. मुलगा मोबाइलवर, कॉम्प्युटरवर विमान उडवतो. त्याचा फायदा?

कॉम्प्युटरवरच्या चांगल्या सिम्युलेटरचा होतो, मोबाइलच्या खेळाचा नाही. यंत्रं वाचणं, चेकलिस्ट, नकाशा यात अशी मुलं पुढं असतात. पण त्यांची नजर पडद्यावर खिळलेली असते आणि इन्स्ट्रक्टरला ती बाहेर काढायला वेळ लागतो. पायांनाही सवय नसते.

१५. एकूण खर्च किती? कर्ज मिळतं का?

भारतात सीपीएलला ढोबळमानानं ४५ ते ६० लाख धरा. त्यात राहणं-खाणं, परीक्षा, वैद्यकीय तपासण्या, आणि नापास झालेल्या उड्डाण चाचणीच्या जादा तासांची भर पडते. त्यानंतर विमान कंपनीत जायला एअरबस ए३२० किंवा एटीआरसारख्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानापुरतं वेगळं प्रशिक्षण आणि मान्यता लागते, त्याचे साधारण १५ ते २५ लाख वेगळे. जाहिरातीत हा दुसरा आकडा बहुतेक वेळा नसतो. आणि हे सगळं झाल्यावरही नोकरी लगेच मिळेल असं कुणी लिहून देत नाही. विमान कंपन्यांची भरती लाटांनी येते, मधली दोन-तीन वर्षं कोरडी जाऊ शकतात.

शैक्षणिक कर्ज मिळतं, पण साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात. म्हणजे घर किंवा जमीन. इथं मी पाहुण्यासारखं गोड बोलत नाही. घरातली एकमेव जमीन गहाण टाकून, हप्त्याची दुसरी सोय नसताना यात पडू नका. धाकट्या बहिणीचं शिक्षण त्यावर अवलंबून असेल तर नकोच. आधी प्रश्न १८ वाचा.

फी एकरकमी भरू नका. जितके तास उडालात तितके पैसे, असे टप्पे लेखी ठरवा. मध्येच सोडलं तर परतावा किती, हेही लेखी.

१६. २०० तास म्हणजे रोज दोन तास धरले तर शंभर दिवस. मग दोन वर्षं का लागतात?

कारण विमान रोज मिळत नाही. हवामान, देखभाल, इन्स्ट्रक्टरची रजा, परीक्षकाची तारीख, धावपट्टीचं काम. २०० तासांत कॅप्टन म्हणून (म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडं घेऊन) १०० तास, किमान ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवास, यंत्रांवर उड्डाण आणि रात्रीचे तास, असे वेगवेगळे रकाने भरायचे असतात. एक रकाना अडला की पुढचं सगळं थांबतं.

म्हणून संस्था निवडताना भिंतीवरचे फोटो बघू नका. हे विचारा: आज उडू शकणारी विमानं किती, विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती, गेल्या वर्षी किती जणांचं पूर्ण झालं. डीजीसीएनं २०२५ पासून संस्थांची क्रमवारी द्यायला सुरुवात केली आहे, तीही बघा. आणि गेटबाहेर चहाच्या टपरीवर तासभर बसा. शिकणारी मुलं खरं सांगतात.

१७. मुलींना जमतं का, हे विचारावं की नाही कळत नाही, पण सासरचे विचारतात.

सासरच्यांना सांगा, सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ एकटीनं उडवलं. आज भारतातल्या पायलटांत स्त्रियांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर. योकला ताकद लागत नाही, दोन बोटं पुरतात.

१८. एवढे पैसे नाहीत. दुसरा रस्ता?

हवाई दल. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन एनडीए, किंवा पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा. शिकण्याचा खर्च सरकारचा. पण तिथली निवड आणि वैद्यकीय निकष नागरी लायसन्सपेक्षा कडक आहेत, उंचीची आणि पायांच्या लांबीचीही मोजमापं आहेत. पुण्याजवळ खडकवासल्याला असलेली एनडीए २०२२ पासून मुलींनाही खुली आहे. तिकडं जायचं ते सैन्यात जायचं म्हणून जा, स्वस्तातलं फ्लाइंग स्कूल म्हणून नको. कॉलेजात एनसीसीचं एअर विंग असेल तर आधी ते घ्या.

१९. माझं वय ४८. नोकरी नको, हौस आहे.

मग तुमचं काम सगळ्यात सोपं. पीपीएल करा. कमाल वयाची भिंत आडवी येत नाही, क्लास टू मेडिकल पास व्हायला हवं. पन्नाशीतला माणूस विशीतल्या पोरापेक्षा हळू शिकतो, पण निर्णय बरे घेतो. ४० तास हा नियमातला किमान आकडा आहे, साठेक तासांची तयारी ठेवा. आठवड्यातून एकदा जाऊन जमत नाही, मागचं विसरतं. पंधरा-पंधरा दिवसांची रजा टाकून जा. आणि पीपीएलवर कुणाकडूनही उड्डाणाचे पैसे घेता येत नाहीत, मित्राच्या लग्नात नवरदेवाला आणायचं असलं तरी.

२०. अमेरिकेत लवकर होतं म्हणे. तिकडं पाठवू का?

विमानं जास्त, हवामान मोकळं, त्यामुळं तास लवकर भरतात. पण परत आल्यावर लायसन्स बदलून घ्यावं लागतं: इथले पेपर, इथलं मेडिकल, रेडिओची परीक्षा, उड्डाण चाचणी. म्हणजे प्रश्न ९ आणि ११ टळत नाहीत. जाण्याआधी क्लास वन हातात असू द्या.

२१. ड्रोन पायलटचं सर्टिफिकेट केलंय. ते यात धरतात का?

नाही. ड्रोन नियम २०२१ खाली मिळणारं रिमोट पायलट सर्टिफिकेट हा वेगळा रस्ता आहे. त्याचा एकही तास सीपीएलच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीत चढत नाही. मात्र पोटापाण्याचा विचार केला तर उसावर आणि डाळिंबावर फवारणी करणाऱ्या ड्रोनवाल्याला आज इथं काम आहे, आणि ते शिकायला जमीन विकावी लागत नाही. दहावी आणि अठरा वर्षं पुरतात.

२२. १४० तास झाले, मग पैसे संपले आणि सोडलं. चार वर्षं झाली. उरलेले ६० तास मारले की झालं ना?

इथंच लोक फसतात. सीपीएलच्या अर्जाच्या तारखेपासून मागच्या पाच वर्षांत केलेले २०० तास लागतात. म्हणजे जुने तास एकेक करून शिळे होत जातात. चार वर्षांपूर्वी उडणं थांबवलं असेल तर सुरुवातीचे काही तास आताच बाहेर पडले असतील आणि वर्षभरात सगळेच पडतील. पास झालेल्या पेपरांनाही मुदत असते.

आज करायचं ते एवढं: लॉगबुक काढा, तारीखवार तक्ता करा, अर्ज कुठल्या महिन्यात करता येईल ते धरून मागं मोजा, आणि तेव्हा किती तास जिवंत राहतील ते बघा. लॉगबुकाच्या प्रत्येक पानावर जुन्या संस्थेच्या मुख्य इन्स्ट्रक्टरची सही आहे का तेही पाहा. नसेल तर संस्था चालू आहे तोवर जाऊन घ्या.